दरोड्याचे जाणकार आणि आमचे नत्थूजी

बँकदरोड्याचा तो सिनेमा मोबाइलवर आला, त्या आठवड्यात लाखनीत ज्याला त्यावर मत नाही असा एकही माणूस मला भेटला नाही. अपवाद माझाच. मी तो पाहिलाच नव्हता. खऱ्या स्ट्राँगरूमची किल्ली साडीच्या कमरेला खोचून फिरणारी गावातली बाई मी, पण मला कोणी काही विचारत नव्हतं. मला फक्त ऐकवत होते.

मी हायवेवरच्या एका बँकेत हेड कॅशियर होते. बँकेचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन तिथूनच येते. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, 'मॅडम, एवढी वर्षं नोटांत हात घातले, कसं वाटायचं?' हात काळे व्हायचे, एवढंच वाटायचं. आमच्या नोकरीचं खरं ओझं नोटांचं नव्हतंच, किल्लीचं होतं. स्ट्राँगरूम म्हणजे जाड भिंतींची खोली आणि तिला लोखंडी दार. त्या दाराला दोन किल्ल्या लागतात. एक शाखाधिकाऱ्याकडे, एक हेड कॅशियरकडे. दोघंही हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. दोघांनी मिळून खाल्ल्याशिवाय एकानं चोरी करू नये, अशी ती सोय. नवरा-बायकोत नसतो इतका सहवास मी एकापाठोपाठ सहा शाखाधिकाऱ्यांबरोबर त्या दारासमोर काढला. भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी मांडवाच्या मागे किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊन रजिस्टरवर सही घेतली आहे. अक्षता नंतर टाकल्या.

आमच्या शाखेत रोकड आणि ग्राहकांचे लॉकर त्याच एका दाराआड होते. आणि त्या दारापाशी, भिंतीला टेकलेल्या लाकडी खुर्चीवर, आमचे गार्ड नत्थूजी. सैन्यातून आलेले, साठीला टेकलेले, मिशा पांढऱ्या, गणवेशाला कडक इस्त्री. बँकेची बंदूक खांद्याला.

त्या सिनेमात काय होतं, ते मला काउंटरवरच कळलं. आठ जण एक मोठी बँक लुटतात. सगळ्यात हुशार जो असतो तो दाराला कान लावतो आणि चाळीस सेकंदांत तिजोरी उघडतो. पण गावाला सगळ्यात आवडलेला प्रसंग पहिला होता. बँकेचा गार्ड दारात उभा असतो, जांभई देतो, आणि दुसऱ्याच मिनिटाला खाली पडतो.

देशकर गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. पासबुक भरायला आले की अर्धा तास थांबायचे. ते म्हणाले, "पाहा मॅडम, चोर असले तरी नियोजन पाहा. प्रत्येकाले नेमून दिलेलं काम, वेळेवर हजर. मले आयुष्यात असा स्टाफ नाही भेटला. फक्त वास्तवता कमी आहे. त्या बँकेत लिंक फेल झालीच नाही."

हे मात्र खरं होतं. पुढं मी तो सिनेमा पाहिला तेव्हा माझंही मत तेच झालं. त्या बँकेत कोणी डबा खाल्ला नाही, कोणी सही चुकली म्हणून परत पाठवलं नाही, आणि तिजोरी उघडल्यावर कोणी रजिस्टरवर वेळ लिहिली नाही.

बँकेसमोर बबलूचा तर्री-पोह्याचा ठेला. तिथे सकाळी आठपासून चर्चासत्र भरायचं. बबलूनं सिनेमा तीनदा पाहिला होता. तो आमच्याकडे चिल्लर घ्यायला आला की दार कुठून कुठे उघडतं, कॅमेरा कुठे आहे, हे पाहून मान हलवायचा.

"मॅडम, तुमच्या बँकेचं काही खरं नाही. मी एकटा लुटून दाखवीन."

"आधी केवायसी पूर्ण कर," मी म्हणायची, "खातं बंद पडून राहिलं तुझं."

इथवर हसण्यावारी होतं. मग बबलूनं नत्थूजींना नाव ठेवलं. सकाळी ते ठेल्यावरून जाऊ लागले की तो ओरडायचा, "राम राम, दोन मिनिटवाले!" आठवडाभरात ते नाव काउंटरपर्यंत आलं. लहान पोरं बापाच्या बोटाला धरून आत यायची आणि म्हणायची, "बाबा, हेच का ते दोन मिनिटवाले?" आमचा क्लार्कसुद्धा एकदा म्हणाला, "दोन मिनिटवाले, जरा ते दार लावा." आणि मी हसले. लिहायला बसले तर हेही लिहिलं पाहिजे. मी हसले, आणि नत्थूजींनी ते पाहिलं.

एके दिवशी डबा खाताना ते मला म्हणाले, "मॅडम, तो पिच्चरमंदला गार्ड जांभई काहून देते जी? मी तेवीस वर्षं सैन्यात होतो, अठी बारा वर्षं झाले. ड्युटीवर जांभई नाही देल्ली. नातू विचारून राहिला, आजोबा, तुमी पण असेच पडान का?"

मी म्हटलं, "सिनेमा आहे नत्थूजी, मनावर नका घेऊ."

ते म्हणाले, "आन मॅडम, दार पंधरा दिवसांपासून घासून राहिलं. बंद करताना खालून कुरकुर करते. सायबाले बी सांगितलं."

मी म्हटलं, "पाहू." आमच्या खात्यात 'पाहू' या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी साडेनऊला मी आणि आमचे शाखाधिकारी अनुरागजी दारासमोर उभे राहिलो. बिहारकडचा तिशीतला पोरगा, मराठी समजायची, बोलायला लाजायचा. त्याने त्याची किल्ली फिरवली, मी माझी. दोन्ही फिरल्या. मग त्यानं दाराची मूठ धरून फिरवली. मूठ अर्धी फिरून थांबली.

"मैडम, ये तो घूम ही नहीं रहा."

मी प्रयत्न केला. क्लार्कनं केला, तर त्याची कंबर धरली. नत्थूजी काही बोलायला पुढे आले, तेवढ्यात अनुरागजींनी क्षेत्रीय कार्यालयाला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की ई-मेल करा. ई-मेल केला. त्यावर उत्तर आलं, 'दाराचे बाहेरून व आतून फोटो तातडीने पाठवावेत.' अनुरागजींनी ते मला वाचून दाखवलं. आतून फोटो काढता आला असता तर ई-मेल कशाला केला असता!

दार दुरुस्त करणारा मिस्त्री गोंदियाला दुसऱ्या कामावर होता. तो तीन वाजता येतो म्हणाला. रोकड शेजारच्या शाखेतून मागवून काउंटर सुरू केला. मला वाटलं, एवढ्यावर भागलं. तेवढ्यात हिरामणजी आले.

हिरामणजी लाखनीपासून आठ किलोमीटरवरच्या गावचे. तलावाखाली धानाची शेती. त्यांच्याकडे सगळ्यात लहान लॉकर होता आणि शाखेत सगळ्यांना त्याचं कुतूहल होतं. पायात रबरी चपला, सदऱ्याला ठिगळ, आणि लॉकर कशाला? क्लार्कची पैज होती की शेतात हंडा सापडला असणार. त्या दिवशी बरोबर त्यांची मुलगी होती, प्रणाली. उंच, सावळी, केस घट्ट बांधलेले, पायात धावायचे बूट.

"मॅडम, लॉकर पाह्यजे होता," हिरामणजी म्हणाले. "उद्या सकाळी नऊ वाजता नागपूरले पोट्टीच्या कागदपत्रांची तपासणी आहे. वनरक्षकात निवड झाली. सारे ओरिजनल अंदर आहेत."

मला क्षणभर समजलं नाही. "लॉकरमध्ये कागद ठेवले?"

"मंग काय ठेवू जी? सोनं कुठी आहे आमच्याकडं? मोठीच्या वेळी घरी पेटीत ठेवले होते. उधळी लागली, वाळवीनं सारे खाल्ले. जात वैधतेचा कागद पुन्हा काढता काढता तिच्या भरतीची तारीख गेली. ती आता लग्न होऊन आसगावले आहे, भाताचं रोवणं करते. म्हणून हिचे कागद मिळाले का म्या सरळ बँकेत टाकले."

मी त्यांना दाराची गोष्ट सांगितली. हिरामणजी बाकावर बसले आणि चपला काढून खाली नीट लावून ठेवल्या, देवळात बसल्यासारख्या. प्रणाली उभीच राहिली.

"मॅडम, तारीख बदलून भेटते का?" तिनं विचारलं.

मी तिचं पत्र वाचलं. मूळ कागदपत्रांसह उपस्थित न राहिल्यास निवड रद्द. सरकारी भाषेत एवढं स्वच्छ वाक्य क्वचित सापडतं.

आता गावाला वास लागला. बँकेचं दार अडकलं आहे, ही बातमी बबलूच्या ठेल्यावरून बाजारात गेली, आणि बारा वाजेपर्यंत लाखनीतले सगळे जाणकार आमच्या पायऱ्यांवर जमले. बँक लुटायला नव्हे, उघडायला. एकाने मेडिकल स्टोअरमधून डॉक्टरांचं कान लावायचं यंत्र आणलं होतं. एकाचं म्हणणं, मागची भिंत फोडा, सिनेमात तसंच दाखवलं आहे. गुरुजींनी वहीत आकृती काढून आणली होती. प्रत्येकाचा आधार एकच. बँकदरोड्याचा सिनेमा पाहणाऱ्याला वाटतं, आपल्याला बँक समजली. क्रिकेट पाहणाऱ्याला खेळ समजतो, तसंच.

एक वाजता बबलूनं कमाल केली. तो रिक्षात घालून वेल्डिंगवाला घेऊन आला, गॅस कटरच्या नळकांड्यासकट.

"मॅडम, दहा मिनिटांचं काम आहे! पोट्टीची नोकरी चालली ना बाप्पा!"

त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण स्ट्राँगरूमच्या दाराला गॅसची ज्योत लावली असती, तर आतल्या कागदांचं काय झालं असतं, हे त्या पन्नास जाणकारांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. सिनेमात नोटा जळत नाहीत. लोक पायऱ्या चढू लागले. मागचे पुढच्यांना ढकलत होते. अनुरागजी "प्लीज, प्लीज" म्हणत होते आणि कोणाला ऐकू जात नव्हतं.

नत्थूजी पुढे झाले. बंदूक त्यांनी पाठीवर घेतली, नळी खाली. लोखंडी जाळीचं दार अर्धं ओढलं आणि उरलेल्या अर्ध्यात स्वतः उभे राहिले.

"अठून पुढं कोणी नाही येनार."

"अरे हटा ना दोन मिनिटवाले!" मागून कोणीतरी ओरडलं आणि लोक हसले.

नत्थूजींचा आवाज चढला नाही. "हव. तुमच्या पिच्चरमंदला गार्ड दोन मिनिटांत पडला. मी सकाळी नऊपासून उभा आहो. घड्याळ काढ बबलू, मोज. आन हे नळकांडं घेऊन जा पयले. अंदर त्या पोट्टीचे कागद आहेत, त्याले आग लावशीन का?"

बबलूनं आत पाहिलं. बाकावर बसलेले हिरामणजी त्याला दिसले असावेत. तो वळला आणि नळकांड्याला स्वतः हात लावून ते रिक्षात चढवलं. बाकीचे मात्र गेले नाहीत. पायऱ्यांवर बसले. बबलूनं तिथंच पोहे आणून विकले. धंदा तो धंदा.

मिस्त्री आले सव्वातीनला. सलीमभाई. सत्तरीकडे झुकलेले, चष्म्याची काच जाड, हातात शाळेच्या दप्तराएवढी पिशवी. बाहेरच्या लोकांची निराशा मला जाळीतून दिसली. सलीमभाईंनी दाराला कान लावला नाही. किल्ल्यांकडे पाहिलंही नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "इथं रोज बसते कोण?"

आम्ही नत्थूजींकडे पाहिलं.

"काय म्हणते दार?"

"वीस दिवसांपासून खालून घासून राहिलं जी," नत्थूजी म्हणाले. "समोर पुलाचं काम चालू झालं तवापासून. मोठ्या मशीन आल्या का खुर्ची हालते माही. शनिवारी बंद केलं तवा रोज होते तो 'खट्' आवाज नाही आला. मी सांगितलं होतं."

सलीमभाईंनी आमच्याकडे पाहिलं. अनुरागजींनी माझ्याकडे. मी दाराकडे.

दार बिजागरीवरून खिळ्याच्या जाडीएवढं खाली बसलं होतं. आतल्या लोखंडी कांबी चौकटीत रुतल्या होत्या. कुलूप ठणठणीत होतं. सलीमभाईंनी सब्बल, म्हणजे छोटी पहार, काढली, दाराखाली लाकडी पाचर ठोकली आणि म्हणाले, "आता सगळ्यांनी दार आत ढकला. जोर लावून. मी वर उचलतो, साहेब मूठ फिरवतील. उघडायचं आहे तर आधी आणखी बंद करा."

ढकलणार कोण? क्लार्कची कंबर गेलेली, माझे गुडघे तसलेच, नत्थूजी एकटे. आम्ही तिघांनी जोर लावला. दार हललं नाही. बाहेर पन्नास खांदे तयार होते, पण स्ट्राँगरूमच्या दाराला बाहेरच्यांनी हात लावायचा नाही, हा नियम.

"मी आहो ना," प्रणाली म्हणाली.

अनुरागजी घाबरले. "मैडम, सर्कुलर..."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी नियमांना शिव्या देत आले, पण त्या दिवशी नियमच कामी आला. लॉकर बाप-लेकीच्या संयुक्त नावाने होता. मी लॉकरचं रजिस्टर आणलं. दोघांच्या सह्या घेतल्या, वेळ घातली. "आता हे लॉकरधारक आहेत," मी म्हटलं, "त्यांना दारापर्यंत यायचा हक्क आहे. दाराला टेकून उभे राहिले तर आपण काय करणार?"

हिरामणजी टेकले. नत्थूजी टेकले. प्रणालीनं बूट फरशीत रोवले आणि खांदा लावला. भरतीसाठी ती वर्षभर पहाटे तलावाच्या पाळीवर धावली होती. सलीमभाई म्हणाले, "हं!" सब्बल करकरली. अनुरागजींनी डोळे मिटून मूठ फिरवली.

खट्.

"हाच," नत्थूजी म्हणाले. "हाच आवाज."

हिरामणजींच्या लॉकरमधून हंडा निघाला नाही. प्लास्टिकची एक निळी फाइल निघाली, डांबरगोळ्यांच्या वासाची. त्यांनी एकेक कागद काढून माझ्या टेबलावर मांडला आणि बोट ठेवत मोठ्याने म्हणत गेले, "जातीचा. वैधतेचा. डोमिसाइल. दहावी. बारावी." मग पुन्हा पहिल्यापासून. प्रणाली म्हणाली, "बाबा, चला, साकोलीची गाडी नागपूरकडं निघून जाईन." पण ती स्वतःही हलत नव्हती.

बाहेर बातमी गेली की दार ढकलून उघडलं.

"बस?" कोणीतरी म्हणालं. "इतकंच?"

गुरुजींनी वही मिटली. "शेवट फार साधा झाला," त्यांनी मत दिलं. बबलूचं म्हणणं, मधला भाग चांगला होता, पण क्लायमॅक्समध्ये दम नव्हता, आणि मिस्त्रीच्या जागी कोणी तरुण पाहिजे होता. संध्याकाळपर्यंत आमची बँक लोकांच्या मनातून उतरली होती.

क्षेत्रीय कार्यालयाच्या मनातून तर आधीच उतरली होती. ग्राहकांनी दाराला स्पर्श का केला, याचा खुलासा माझ्याकडे मागितला. मी तीन ओळींत लिहिलं. गार्डाने दार बिघडल्याची तोंडी सूचना आधीच दिली होती, ती मी नोंदवली नाही, चूक माझी आहे. अनुरागजी म्हणाले, "मैडम, इतना सच लिखने की ज़रूरत नहीं थी." ताकीद मिळाली. ती आजही माझ्या सेवापुस्तकात आहे, आणि त्यातली बहुधा तेवढीच नोंद मी स्वतः कमावलेली आहे.

प्रणाली पुढच्या वर्षी खाकी गणवेशात पेढे घेऊन आली. नागझिऱ्याकडे नेमणूक झाली होती. तिनं पहिला पेढा नत्थूजींना दिला. बबलूनं त्यांना दोन मिनिटवाले म्हणणं सोडलं, पण मुद्दाम नव्हे. दुसरा सिनेमा आला होता.

माझ्या निवृत्तीच्या आधी चार महिने आमच्या शाखेतलं गार्डाचं पद काढून टाकलं. त्या खुर्चीच्या वर भिंतीत एक कॅमेरा बसवला. नत्थूजींची बंदूक बँकेची होती, ती पोलीस ठाण्यात जमा करायची होती. बँकेतर्फे सही करायला मी बरोबर गेले.

ठाण्यातल्या हवालदारानं बंदूक उलटसुलट केली. "चालली का कधी?"

"नाही जी."

"एकदा बी नाही?" हवालदाराला वाईट वाटल्यासारखं झालं.

"एकदा बी नाही," नत्थूजी म्हणाले. "तसंच लिहा. मोठ्या अक्षरात लिहा."

पावती घेऊन आम्ही बाहेर आलो. दुपारचं ऊन, हायवेवर धानाचे ट्रक. नत्थूजी दोन पावलं चालले आणि थांबले. त्यांचा उजवा हात छातीपाशी खांद्याच्या पट्ट्याकडे गेला आणि पट्टा नाही म्हणून तिथंच राहिला. मग खाली आला. मग पाठीमागे गेला. हात ठेवायचा कुठे, हे त्यांना समजत नव्हतं. मी दुसरीकडे पाहिलं.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमची पर्स जड आहे. द्या, मी धरतो."

पर्स जड नव्हती. मी दिली. त्यांनी तिचा बंद उजव्या खांद्यावर घेतला, मुठीत घट्ट धरला, ताठ झाले, आणि उजवीकडे-डावीकडे पाहून मला रस्ता ओलांडून दिला.